आधी अख्खी टाइमलाइन पाहा
अंधेरी पश्चिमेच्या एडिट स्टुडिओंत मालिकांचे भाग घड्याळाशी झुंजत कापले जातात; तिथे माउसने टाइमलाइन सरकवत बसणे परवडत नाही. प्रीमियर प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅकस्लॅश दाबली की अख्खा भाग पडद्यावर मावतो, अधिक-उणे चिन्हांनी प्लेहेडभोवतीचा तुकडा मोठा-लहान होतो, जे-के-एलने मागे जाता, थांबता, पुढे जाता येते. कोणी म्हणेल, अशा घाईने संकलन यांत्रिक होते. घडते ते उलटच. टीव्हीच्या सेकंदाला २५ फ्रेम. त्यांतच अडकलेल्या डोळ्याला प्रसंगाची लय दिसत नाही आणि लांबूनच पाहणाऱ्याला चुकलेली फ्रेम सापडत नाही. ही जवळ-लांबची ये-जा बोटांत मुरली की मन कथेसाठी मोकळे राहते. म्हणून शिकणाऱ्यांनो, इफेक्ट नंतर. आधी या सहा कळा हातात बसवा.