अडीच फुटांची वाट

ट्राम म्हटली की मुंबई आठवते. १८७४ साली घोड्यांनी ओढलेली, १९०७ पासून विजेवर धावलेली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री कायमची थांबलेली ती ट्राम आजही जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात घणघणत असते. जळगाव-धुळ्याच्या नशिबी ट्राम नव्हती. पण ट्रामसारखाच जीव लावणारी एक गाडी आमच्या खानदेशात होती. पाचोऱ्याहून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करीत जामनेरला जाणारी. लोक तिला नुसते ‘पीजे’ म्हणत.

पहिले महायुद्ध संपता संपता हा मार्ग सुरू झाला. दोन रुळांमध्ये अंतर अवघे अडीच फूट. मोठ्या लाइनीचे साडेपाच. त्यामुळे जामनेरकडचा कापूस पाचोऱ्याला उतरवून पुन्हा मोठ्या गाडीत चढवावा लागे. आधी वाफेवर आणि नंतर डिझेलवर चालणाऱ्या या गाडीला ५६ किलोमीटरसाठी दोन तासांच्या आसपास लागत. मी तिने प्रवास केला आहे. तिच्यात घाई कुणालाच नसे. भाजीची टोपली, दुधाची किटली, शाळेची पोरे, माहेरी निघालेली लेक, शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला निघालेले वारकरी, अशा सगळ्यांना ती सामावून घेई. डब्यात अहिराणी ऐकू येई आणि उतरेपर्यंत अनोळखी माणसाची सोयरीक निघे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत ही गाडी थांबली ती थांबलीच.

कुणी म्हणेल, एसटी लवकर पोचवते, मग या कासवासाठी उसासे कशाला? प्रश्न रास्त आहे. नुसत्या आठवणींसाठी कुणी गाडी चालवत नाही आणि चालवूही नये. पण धुळ्याची गोष्ट पाहा. चाळीसगाव-धुळे हा फाटाही ५६ किलोमीटरचाच आणि १९०० सालचा. तीही गाडी टाळेबंदीत बंद पडली होती. मात्र हा मार्ग पहिल्यापासून रुंद होता, त्यावर विजेच्या तारा आल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथे मेमू धावू लागली. म्हणजे जुना मार्ग म्हातारा झाला म्हणून मरतोच असे नाही. त्याला कामाला लावले तर तो जगतो.

पीजेचेही रुंदीकरण मंजूर झाले असून मार्ग जामनेरपुढे बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले आहे. आनंदाचीच गोष्ट. पण माझी काळजी इथेच सुरू होते. पाचोरा मुंबई-भुसावळ मार्गावर, तर बोदवड भुसावळ-नागपूर मार्गावर. हे दोन्ही जोडले की भुसावळला वळसा घालणारी नवी वाट तयार होते. तिच्यावरून मालगाड्या जातील, लांब पल्ल्याच्या गाड्याही जातील. शेंदुर्णी-पहूरच्या माणसाने मात्र फाटकाशी उभे राहून त्यांचे डबे मोजायचे काय?

पीजेचे मोठेपण वेगात नव्हते, ते थांबण्यात होते. तिची खरी मालमत्ता इंजिन किंवा रूळ नव्हे, तर मधली लहान स्थानके. मुंबईच्या ट्रामचा डबा जपून ठेवता येतो. थांबा तसा काचेच्या कपाटात ठेवता येत नाही, तिथे गाडी थांबावीच लागते. तेव्हा नव्या मार्गाचा आराखडा रंगत असतानाच खानदेशच्या लोकांनी आणि लोकप्रतिनिधींनी तीन गोष्टी मागून घ्याव्यात: जुनी स्थानके टिकावीत, शाळा-बाजाराच्या वेळा सांभाळणारी रोजची लोकल गाडी असावी आणि तिचे तिकीट टोपलीवालीला परवडावे.

रूळ साडेपाच फूट रुंद होतील. त्यांवरून जाणाऱ्यांचे मनही तेवढेच रुंद असावे, एवढेच मागणे.