गाडी मालकाची, कुलूप कंपनीचे!

स्वयंचलित गिअरची मोटार ही आता केवळ धनिकांची चैन राहिलेली नाही. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ ही छोटी गाडी 'एएमटी' गिअरबॉक्ससह बाजारात आणली आणि क्लच दाबण्यापासूनची सुटका हप्त्यावर गाडी घेणाऱ्या शिक्षक, कारकून, परिचारिकेच्याही आवाक्यात आली. डाव्या पायाने अधू असलेल्याला तर अशी गाडी म्हणजे स्वतःच्या बळावर घराबाहेर पडण्याचे साधन. पण वॉरंटी संपली आणि गिअर बिघडला, की हेच साधन गळ्यातला धोंडा होते. मालक नशिबाला बोल लावतो. आम्ही म्हणतो, नशिबाचा यात काय संबंध? ही लूट व्यवस्थेने चालवलेली आहे!

एएमटी म्हणजे काही जादू नव्हे. आत साधाच गिअरबॉक्स आणि नेहमीचाच क्लच असतो. चालकाचे हातपाय जे काम करीत, ते ॲक्च्युएटर नावाची यंत्रणा करते आणि तिला हुकूम देतो एक छोटा संगणक. बिघाड कधी एखाद्या सेन्सरचा असतो, कधी गळणाऱ्या सीलचा, कधी झिजलेल्या क्लचचा. परंतु सर्व्हिस सेंटरमध्ये एकच वाक्य ऐकावे लागते, 'पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.' हाती पडणारे अंदाजपत्रक पगार खाऊन वर उरणारे! दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सचा आकडा तर लाखाच्याही पुढे जातो. गल्लीतला मिस्त्री कदाचित तोच भाग उघडून दुरुस्त करील. पण त्याला सुटा भाग मिळत नाही, बिघाडाचा कोड वाचणारे उपकरण मिळत नाही, माहितीपुस्तिका मिळत नाही. त्याच्या हातात कसब आहे. ज्ञान मात्र कुलपात ठेवले आहे.

हे केवळ आमचेच म्हणणे नाही. 2011 मधील एका ग्राहकाच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात द्या, तपासणीची उपकरणे व माहिती बाहेरच्या कारागिरांनाही द्या, बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. 2022 मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, संकेतस्थळही काढले. पण संकेतस्थळ निघाले म्हणजे मिस्त्रीच्या हातात सुटा भाग पडला असे होत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात 2012 मध्ये खुद्द मतदारांनी कौल देऊन मोटारदुरुस्तीच्या माहितीचा हक्क मिळवला. तेथे जे झाले ते येथे का होऊ नये?

तोवर मालकाने काय करावे? काउंटरवरच्या पोराशी भांडू नये. तोही पोटासाठीच तेथे उभा आहे. बिघाडाचे कारण आणि कोड लेखी मागावेत. जॉब कार्डाची प्रत जपावी, बदललेला जुना भाग परत मागावा. वॉरंटीच्या काळात तीच तक्रार पुन्हा पुन्हा केली असेल, तर त्या पावत्याच उद्याचा पुरावा असतात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे वकिलाशिवायही जाता येते. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, 5 ते 10 लाखांपर्यंत 200 रुपये. मुदत मात्र दोनच वर्षांची. स्वतः गाडी चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही या कायद्याने ग्राहकच आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही सांगतो.

सुटे भाग, उपकरणे आणि माहिती देणे कंपन्यांना कायद्याने सक्तीचे करावे आणि गिअरबॉक्सच्या भागांच्या किमती गाडी विकतानाच लेखी द्याव्यात, अशी आमची मागणी आहे. पण मागितल्याशिवाय काही मिळत नाही, हा आजवरचा अनुभव. एकाच मॉडेलच्या, एकाच बिघाडाने गांजलेल्या मालकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार करता येते. एकेकट्याने कुरकुरत बिल भरणाऱ्याला कंपनी भीत नाही. शंभर मालक पावत्या घेऊन एका अर्जावर सह्या करतील, तेव्हा ती कुलपाची किल्ली शोधू लागेल!