शुद्ध हेतूचा आडोसा

२३ जून १८५८ च्या संध्याकाळी बोलोन्या शहरात पोपच्या राज्याचे पोलीस मोर्तारा या ज्यू कुटुंबाच्या दारात येऊन उभे राहिले आणि त्यांनी सहा वर्षांच्या एदगार्दोचा ताबा मागितला. हा मुलगा तान्हा असताना आजारी पडला होता. तो दगावणार या भीतीने घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने गुपचूप पाणी शिंपडून त्याला बाप्तिस्मा दिला होता. मूल बरे झाले. पण काही वर्षांनी ही गोष्ट धर्मन्यायालयाच्या कानावर गेली. बाप्तिस्मा झालेले मूल ज्यू आईबापांकडे वाढू द्यायचे नाही, असा तिथला कायदा. मुलाला घरातून उचलून रोमला नेण्यात आले. युरोप-अमेरिकेत गहजब झाला, फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियननेही आक्षेप घेतला. पोप नववे पायस बधले नाहीत. एदगार्दो पुढे कॅथलिक धर्मगुरू झाला आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारला.

या प्रकरणात दुष्ट हेतू शोधायला जावे तर हाती लागत नाही. जीव वाचत नसेल तर आत्मा तरी तरावा, एवढेच मोलकरणीला वाटले. पोपना ना खंडणी हवी होती ना सूड. या मुलाच्या आत्म्याचा जाब देव आपल्याला विचारील, अशी त्यांची प्रामाणिक श्रद्धा होती. हेतू चांगला म्हणजे कृत्य योग्य, ही कसोटी मान्य केली, तर आईच्या हातून मूल हिसकावणेही योग्यच म्हणावे लागेल.

ख्रिस्ती शिकवण तसे म्हणत नाही. चांगले घडावे म्हणून वाईट करावे, हा विचार पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातच झिडकारला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी त्याची नीट मांडणी केली: कृत्य मुळात काय आहे, ते कशासाठी केले आणि कोणत्या परिस्थितीत केले, या तिन्ही गोष्टी चांगल्या हव्यात. लोकांनी वाहवा करावी म्हणून दिलेले दान हेतूपायी नासते. पण दान करता यावे म्हणून केलेली चोरी चोरीच राहते. थोडक्यात, हेतू चांगल्या कृत्याला डाग लावू शकतो, वाईट कृत्याचा डाग धुऊ शकत नाही. याच अ‍ॅक्वायनस यांनी ज्यूंच्या मुलांना आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा देऊ नये, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. मुलाला अनंत मृत्यूपासून वाचवायचे म्हणूनसुद्धा बापाचा नैसर्गिक अधिकार मोडू नये, इथपर्यंत ते गेले. बोलोन्यातल्या धर्मन्यायाधीशाच्या सहाशे वर्षे आधीची ही गोष्ट.

हेतूची बाजू घेणारा मोठा माणूसही ख्रिस्ती परंपरेत झाला. बाराव्या शतकातल्या पीटर अ‍ॅबेलार्डने पाप-पुण्याचे सारे वजन मनातल्या हेतूवर टाकले आणि त्याच्या काही मतांचा सांसच्या धर्मसभेत निषेध झाला. पण आपल्याला चांगला वाटतो म्हणून हेतू चांगला ठरत नाही, तो खरोखर चांगला असावा लागतो, ही अट त्यानेही घातली होती. अजाणतेपणामुळे दोष हलका होतो, हे चर्चही मानते. मात्र दोष हलका होणे वेगळे आणि कृत्य योग्य ठरणे वेगळे. पौलाने स्वतः धर्माच्या आवेशात ख्रिस्ती लोकांचा छळ केला होता. नकळत केले म्हणून आपल्यावर दया झाली, असे तो म्हणतो. पण त्याच श्वासात स्वतःला पाप्यांतला पहिला म्हणवतो. दया लागते ती पापालाच.

आपल्याकडे गोव्यात अशाच शुद्ध हेतूचा अनुभव मोर्तारा प्रकरणाच्या तीनशे वर्षे आधीच आला होता. आईबाप, आजा-आजी कुणी नसलेली हिंदू मुले सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करून त्यांना बाप्तिस्मा द्यावा, असा हुकूम पोर्तुगीज राजवटीने १५५९ साली काढला. पुढे बाप वारला की मूल अनाथ, मग आई जिवंत का असेना, असा अर्थ लावला गेला. तिथेही भाषा आत्म्याच्या उद्धाराचीच होती.

१२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेसाठी अवलंबिलेल्या चुकीच्या मार्गांबद्दल चर्चच्या वतीने देवाची क्षमा मागितली. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला त्यांनीच नवव्या पायस यांना ‘धन्यवादित’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले. २०१८ साली ‘फर्स्ट थिंग्ज’ या अमेरिकी नियतकालिकात एका धर्मगुरूने मोर्तारा प्रकरणातल्या पोपच्या निर्णयाची पाठराखण केली. हे धर्मगुरू डॉमिनिकन, म्हणजे अ‍ॅक्वायनस यांच्याच संघातले! चर्चवर बाहेरून टीका करणाऱ्यांनी दुसरा ग्रंथ उघडण्याची गरज नाही. चर्चचा स्वतःचा सिद्धांत पुरेसा आहे. त्या सिद्धांताशी प्रामाणिक राहायचे असेल, तर ‘पण हेतू चांगला होता’ हे वाक्य चर्चने आपल्या माफीनाम्यांतून कायमचे काढून टाकावे.