गणेशगुडीच्या रस्त्यांना कोणती गाडी मानवते

काळी नदीवरील सुपा धरणाच्या १०१ मीटर उंच भिंतीलगत वसलेल्या गणेशगुडीत, आणि तेथून जगलबेट, रामनगर, जोयडा अशा पसरलेल्या वस्त्यांत, राफ्टिंगसाठी येणाऱ्या पाहुण्यांमुळे अलीकडे थोडा पैसा खेळू लागला आहे. आणि ज्या घरात पाच-सहा लाखांची तजवीज होते त्या घरात, वापरलेली मोठी एसयूव्ही घ्यावी की त्याहून कमी पैशांत नवी कोरी लहान गाडी घ्यावी, याचा खल पुष्कळ काळ चालतो. निकाल बहुधा मोठ्या गाडीच्या पक्षी लागतो. रस्ते वाईट, पाऊस प्रचंड, अणशीचा घाट अवघड, तेव्हा गाडी उंच आणि दणकटच हवी, हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड दिसतो. तथापि डांबरी रस्त्यालगत राहणाऱ्या कुटुंबाने त्याला वश होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

या मुलखात घरच्या गाडीवर खरी वेळ येते ती आजारपणात. रात्री-अपरात्री प्रसूतीच्या वेणा सुरू झाल्या, कोणास सर्पदंश झाला, वा घरातील वृद्धाच्या छातीत कळ आली, म्हणजे प्रथम दांडेली आणि तेथे निभाव न लागल्यास धारवाड-हुबळी किंवा बेळगाव गाठावे लागते. वाटेत कित्येक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते आणि काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात मध्यरात्री मदतीस धावणारे माणूस क्वचितच भेटते. अशा ठिकाणी किल्ली फिरवताच गाडी सुरू होणे आणि ती रुग्णासह मुक्कामी पोहोचणे, यापुढे तिची बाकीची सारी सामर्थ्ये दुय्यम ठरतात. लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या डिझेल गाडीचा इंजेक्टर, टर्बो किंवा क्लच केव्हा दगा देईल याची खातरजमा तिच्या चकचकीत रंगावरून होत नाही. आणि सुटा भाग शहरातून येईपर्यंत ती अंगणातच अडकून पडते. त्यातही एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते, आणि ती मोकळी राहण्यासाठी गाडी अधूनमधून सलग वेगाने चालवावी लागते. घर ते बाजार आणि बाजार ते शाळा अशा तुटक फेऱ्यांत ती तुंबते.

उंचीविषयीचा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. गाडीची उंची दगड चुकवते, हे खरे. परंतु चिखलात पकड मिळते ती चाकांवरील भारामुळे, टायरच्या नक्षीमुळे आणि शक्ती किती चाकांना पोहोचते यामुळे. बाजारातील बहुसंख्य जुन्या एसयूव्हींत शक्ती दोनच चाकांना मिळते. बोलेरोसारख्या गाडीत ती मागच्या चाकांना मिळत असल्याने, मागे भार नसेल तर पावसाळ्यातील तांबड्या मातीच्या चढावर ती चाके जागच्या जागी फिरू शकतात. उलट लहान गाडीत इंजिनाचे वजन शक्ती मिळणाऱ्या पुढच्या चाकांवरच पडते. शिवाय आता काही स्वस्त गाड्याही जमिनीपासून १८० मिलिमीटरच्या आसपास उंच असतात.

‘लोखंड जाड, म्हणून जीव सुरक्षित’ ही श्रद्धा तर मला अधिक चिंताजनक वाटते. २०१६ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने धडक-चाचणी केली, तेव्हा क्विड आणि सेलेरिओ या लहान गाड्यांबरोबर एअरबॅग नसलेल्या धिप्पाड स्कॉर्पिओलाही एकसुद्धा तारा मिळाला नव्हता. त्यानंतर कायदा बदलला. चाके जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक २०१९ पासून आणि पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग २०२१ च्या अखेरीपासून प्रत्येक नव्या मोटारीत सक्तीच्या झाल्या. म्हणजे आजची सर्वांत स्वस्त गाडीसुद्धा या दोन साधनांनिशी मिळते, आणि दहा वर्षांपूर्वीच्या मोठ्या गाडीत ती असतीलच अशी शाश्वती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, यामुळे नव्या गाडीचे पारडे आणखी जड झाले आहे.

कागदपत्रांचा प्रश्न सीमेलगतच्या तालुक्यात विशेष नाजूक होतो. अनमोड घाट ओलांडला की गोवा लागतो, आणि तेथील गाडी स्वस्त मिळाली म्हणून पुष्कळजण ती तशीच वापरत राहतात. वस्तुतः परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची, तर ना हरकत दाखला आणून तिची नव्याने नोंदणी करावी लागते आणि तिच्या वयानुसार कर्नाटकाचा आजीवन कर भरावा लागतो. ही रक्कम धरली की स्वस्ताई बरीच ओसरते. ज्यांना पाहुण्यांची ने-आण करण्यासाठी मोठी गाडी हवी आहे, त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन प्रवासी नेणे परवान्याविना बेकायदा आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. पाहुण्यांच्या जिवाची जबाबदारी पत्करणाऱ्याने परवाना काढून रीतसर पिवळ्या पाटीची गाडीच ठेवली पाहिजे.

ओढ्यापलीकडे, डांबर जेथे पोहोचलेच नाही अशा आडवाटेच्या वाडीत राहणाऱ्या कुणबी वा गवळी कुटुंबाची गोष्ट मात्र निराळी. त्यांना उंच गाडीवाचून गत्यंतर नाही, आणि माझा आक्षेप त्यांना लागू नाही. त्यांनी शक्यतो आपल्याच तालुक्यातील, पूर्वीच्या मालकाची आणि मेकॅनिकची माहिती असलेली, साध्या बनावटीची गाडी घ्यावी, तळाचा भाग गंजला आहे काय ते गाडी वर उचलून पाहावे, तिच्यावर बँकेचा बोजा शिल्लक नाही याची लेखी खातरी करून घ्यावी, आणि दांडेलीच्या आरटीओ कार्यालयात नाव बदलल्याशिवाय शेवटची रक्कम विकणाऱ्याच्या हाती देऊ नये.