पुराव्याशी इमान

लेस्ली स्टीफन (१८३२–१९०४) हे नाव आज निघते ते बहुधा व्हर्जिनिया वुल्फ यांचे वडील म्हणून. आणि ज्यांनी ‘टु द लाइटहाऊस’ वाचली आहे, ते त्यांना मिस्टर रॅम्से या सहानुभूतीच्या भुकेल्या, हेकट गृहस्थाच्या रूपाने ओळखतात. ही ओळख खोटी नव्हे. परंतु तिच्यामुळे चरित्रलेखनाला सचोटीची शिस्त लावणारा एक थोर ग्रंथकार दृष्टीआड झाला, याचा मला मनस्वी खेद वाटतो.

त्यांचे थोरले बंधू सर जेम्स फिट्सजेम्स स्टीफन यांचे नाव आपल्याकडील वकीलवर्गास अपरिचित नसावे. १८७२ चा भारतीय पुराव्याचा कायदा त्यांच्याच लेखणीतून उतरला आणि २०२४ पर्यंत आपल्या न्यायालयांत त्याचा अंमल होता. थोरल्याने पुराव्याचे जे बंधन कचेरीला घातले, तेच धाकट्याने स्वतःच्या श्रद्धेला घातले. केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये अध्यापन करणारे लेस्ली दीक्षित पाद्री होते. परंतु महाप्रलयाची कथा बुद्धीला पटत नसताना ती उपासनेत सत्य इतिहास म्हणून वाचणे हा असत्याचाच उच्चार होय, अशी खात्री पटताच १८६२ साली त्यांनी अध्यापकपदाचा राजीनामा दिला. पुढे १८७५ च्या मार्चमध्ये एका रात्री त्यांनी कादंबरीकार टॉमस हार्डी यांना घरी बोलावून घेतले. अंगात ड्रेसिंग गाउन, पायांत सपाता, अशी ती उंच, कृश मूर्ती आपल्या ग्रंथसंग्रहात येरझारा घालीत होती, आणि हार्डींना साक्षीदार म्हणून सही करावयाची होती ती पाद्रीपणाचा कायमचा त्याग करणाऱ्या दस्तऐवजावर.

असा निर्भीड पुरुष ‘कॉर्नहिल’ मासिकाचा संपादक या नात्याने मात्र वाचकांच्या नाराजीला भिऊन त्याच हार्डींना मजकूर सौम्य करावयास सांगत असे. हा उणेपणा त्यांच्या चाहत्यांनीही झाकू नये. ‘द सायन्स ऑफ एथिक्स’ (१८८२) या ग्रंथात नीतीचा आधार ईश्वराज्ञेत न शोधता समाजाच्या आरोग्यात शोधण्याचा त्यांचा प्रयत्न आज काहीसा क्लिष्ट वाटतो. त्यांची नीती खरी प्रकटली ती ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’त. १८८५ ते १९०० या काळात निघालेल्या तिच्या ६३ खंडांचे ते आद्य संपादक. प्रकृती ढासळून १८९१ साली ते पायउतार झाले, तरी पावणेचारशेंहून अधिक चरित्रे त्यांच्या एकट्याच्या हातची आहेत. स्तुतिसुमनांना तेथे मज्जाव होता. शिवाय थोरांची चरित्रे कोठेही मिळतील, कोशाची खरी उपयुक्तता दुय्यम माणसांच्या नोंदींत आहे, असे ते आग्रहाने सांगत. विस्मृतीत गेलेला एखादा धर्मोपदेशक किंवा ग्रंथकार याचीही जन्मतारीख दप्तरे धुंडाळून पडताळावी, हा त्यांच्या लेखी कर्तव्याचा भाग होता.

आपल्याकडे मात्र गौरवग्रंथ निघतात, स्मृतिविशेषांक निघतात, आणि त्यांतील चरित्रनायक दोषरहित असल्यामुळे कोणाच्याच ओळखीचा उरत नाही. हा आदर नव्हे, दिवंगताविषयीची बेपर्वाई आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. फिट्सजेम्स १८९४ साली निवर्तले, आणि दुसऱ्याच वर्षी लेस्लींनी त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात बंधूंविषयीचा जिव्हाळा लपविलेला नाही, आणि त्यांच्याशी असलेले मतभेदही लपविलेले नाहीत.