आकडा पंचाण्णव, पण धाप कायम!

घरात दम्याचा रुग्ण असला की रात्री दोनच्या सुमारास एकच प्रश्न उभा राहतो: दवाखाना गाठायचा, की सकाळपर्यंत थांबायचे? पूर्वी याचे उत्तर वडीलधारी मंडळी छातीचा भाता पाहून देत. २०२० च्या करोना साथीनंतर ते काम बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरकडे आले. ‘पंचाण्णव आहे, काळजी नाही,’ असे म्हणून घर पुन्हा झोपी जाते. हा विश्वास कितपत खरा?

दम्यात श्वासनलिका आकसतात, आतून सुजतात, चिकट कफाने तुंबतात. सालब्युटामॉलची वाफ दिली की स्नायू सैल पडतात आणि रुग्णाला हायसे वाटते. परंतु वाट मोकळी होणे आणि प्राणवायू रक्तात पोचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फुप्फुसाच्या ज्या भागात हवा पोचत नाही तिथल्या रक्तवाहिन्या शरीर आपणहून आवळते आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवते. औषधाने या वाहिन्याही सैल होतात. मग श्वास सुधारत असतानाच प्राणवायूचा आकडा काही काळ थोडा खाली येऊ शकतो. म्हणूनच तीव्र झटक्यात रुग्णालयात वाफ प्राणवायूबरोबर देतात. औषध टाळावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ते देताना मोजत राहावे, एवढाच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. ऑक्सिमीटर कार्बन डायऑक्साइड मोजत नाही. धाप लागलेला माणूस जोरजोराने श्वास घेतो, तेव्हा रक्तातला हा वायू कमी असायला हवा. तो ‘नॉर्मल’ झाला, तर रुग्ण बरा होत नसून थकत चालला असण्याची शक्यता असते. डॉक्टरांना हे धमनीतले रक्त तपासून कळते. प्राणवायू चालू असेल, तर बोटावरचा आकडा मात्र तोवर उत्तमच दिसत राहतो!

शिवाय खुद्द यंत्राचे काय? जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेली ही पद्धत प्रकाशावर चालते, आणि त्वचेचा रंग प्रकाश शोषतो. २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातले खरे प्रमाण ८८ टक्क्यांहून कमी निघाले, असे कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के, तर गोऱ्यांच्या ३.६ टक्के तपासण्यांत घडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने नव्या नियमांचा मसुदा काढला. पूर्वी किमान १० माणसांवर चाचणी पुरे होती. मसुद्यात ती संख्या १५० वर नेली आहे.

आपल्याकडे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ऑक्सिमीटर आणि नेब्युलायझरच्या विक्रीतील नफ्यावर मर्यादा घातली. किमतीची काळजी घेतली, हे चांगलेच झाले. पण सावळ्या बोटावर हे यंत्र किती खरे बोलते, याचीही तितकीच काळजी घ्यायला नको का?

तोवर घराने एक पथ्य पाळावे. आकड्याइतकेच माणसाकडे पाहावे. वाक्य पुरे बोलता येत नसेल, मानेचे स्नायू ओढले जात असतील, ओठ निळसर पडले असतील, गुंगी येत असेल किंवा घरघर एकाएकी थांबूनही जीव घाबरा असेल, तर आकडा काहीही असो, गाडी काढावी. सकाळची वाट पाहू नये.