मटण गरम करा, पुन्हा शिजवू नका

कोल्हापुरात होळी पुरणपोळीची आणि दुसऱ्या दिवशीची धुळवड मटणाची. रंग आम्ही रंगपंचमीला खेळतो. धुळवडीला सकाळपासून मटणाच्या दुकानांपुढं रांगा लागतात, पाव्हणे येणार म्हणून किलोभर जास्तच आणलं जातं आणि रात्री टोपात ते उरतंच. या उरलेल्या मटणाचे आपण घरोघरी जे हाल करतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आख्खा टोप गॅसवर चढतो. मोठ्या आचेवर खळाखळा उकळतो. दोघं जेवतात, टोप ओट्यावरच राहतो. दोन तासांनी तिसरा येतो, पुन्हा तोच टोप आणि पुन्हा तीच उकळी. शेवटचा माणूस पाटावर बसेपर्यंत फोडींचा दोरखंड झालेला असतो. आमच्या घरात हा शेवटचा माणूस म्हणजे माझा मुलगा. शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहे, दुसरी पाळी असली की मध्यरात्र उलटल्यावर घरी येतो. आठ तास भट्टीजवळ काढून आलेल्या पोराच्या ताटात वातड फोडी वाढायला माझा हात धजत नाही. मामंजींचे दातही आता मोजकेच उरलेत. मऊ असलं तरच त्यांना मटण खाता येतं. आणि बहुतेक घरांत सगळ्यांच्या मागून जेवते ती रांधणारी बाईच. सणाचं सगळं करून वाळलेल्या फोडी तिच्याच वाट्याला येतात. म्हणून ही गोष्ट मला नुसत्या चवीची वाटत नाही.

मटण वाळतं कशानं, हे एकदा कळलं की उपाय आपोआप सुचतो. मांसाचे तंतू साधारण 60-65 अंशांच्या पुढं जोरानं आकसायला लागतात आणि आतलं पाणी बाहेर ढकलतात. पहिल्यांदा मटण शिजतं तेव्हा हाडाजवळच्या, सांध्याजवळच्या चिवट पडद्यांचा हळूहळू चिकट रस होतो आणि गेलेल्या पाण्याची उणीव तो भरून काढतो. फ्रिजमधला रस्सा सकाळी थलथलीत गोठलेला दिसतो, तो याच रसामुळं. दुसऱ्या दिवशी तासभर उकळून नव्यानं विरघळायला फारसं काही राहिलेलं नसतं. तंतूंतलं पाणी तेवढं जात राहतं. कुकरला लावून शिट्टी काढणं तर सगळ्यात वाईट. कुकरच्या आतलं तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. फोड सुटून येते, मऊ वाटते, पण तोंडात कोरडे धागे राहतात.

माझी पद्धत साधी आहे. फ्रिजमधून आख्खा टोप काढायचाच नाही. जेवणारा एक असेल तर एकाचं घ्यायचं. आधी नुसता तांबडा रस्सा छोट्या पातेल्यात उकळवायचा, चांगली उकळी फुटू द्यायची. मग त्यात फोडी सोडायच्या, आच मंद करायची, झाकण ठेवायचं. सात-आठ मिनिटांत हाडापर्यंत गरम होतात. मोठी नळी असेल तर थोडा वेळ जास्त. रस्सा आधीच उकळलेला असल्यामुळं फोडींना आचेवर रेंगाळावं लागत नाही.

सुक्याचं काम जास्त नाजूक. त्याच्याभोवती रस्सा नसतो, म्हणून ते सगळ्यात आधी वाळतं. यासाठी मटण शिजवतानाच मी वाटी-दोन वाट्या अळणी पाणी वेगळं काढून फ्रिजमध्ये ठेवते. दुसऱ्या दिवशी जाड बुडाच्या पातेल्यात अर्धी वाटी अळणी, त्यात फोडी एका थरात, वर खोलगट ताट आणि ताटात गार पाणी. आतली वाफ ताटाला लागते आणि थेंब होऊन फोडींवर परत पडते. आत्याबाई भाजीलासुद्धा असंच पाणी ठेवायच्या. फोडी आतपर्यंत तापल्या की ताट काढायचं, मिनिटभर आच वाढवायची आणि मसाला अंगाला धरला की उतरवायचं. अळणी नसेल तर तांबडा चालतो. अगदीच काही नसेल तर गरम पाणी, पण तेवढी चव पातळ होते.

पांढरा रस्सा मात्र उरवूच नये, हे माझं ठाम मत आहे. नारळाचं दूध उकळलं की फुटतं, आणि न उकळता कोमट केलेलं शिळं खाणं बरं नाही. तो त्याच दिवशी संपवावा.

बकरी ईदला शेजारून बिर्याणी येते. तिलाही मायक्रोवेव्हमध्ये ढकलू नये. खाली जाड तवा, वर पातेलं, कडेनं दोन-तीन चमचे पाणी शिंपडून घट्ट झाकण, म्हणजे पुन्हा दम. मायक्रोवेव्हच वापरायचा असेल तर निम्म्या ताकदीवर, झाकून, मध्ये एकदा हलवून. नाही तर कडेचं मांस करपतं आणि मधलं गारच राहतं.

आता जपण्याची गोष्ट. मार्चमध्ये दुपारचा पारा 35 अंशांच्या पुढं जातो. अशा हवेत शिजलेलं मटण ओट्यावर तासाभरापेक्षा जास्त राहता कामा नये. 5 ते 60 अंशांच्या मध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, आणि काहींचे बीजाणू उकळीतूनही तगतात. मोठा टोप मध्यापर्यंत गार व्हायला फार वेळ घेतो, म्हणून पसरट डब्यांत विभागून ठेवावं, फोडी रस्स्यात बुडलेल्या असाव्यात. त्या रस्स्यातच गार झाल्या तर ओल्या राहतात आणि वाऱ्याला लागून येणारा तो शिळा वासही कमी येतो. गरम करताना गाभ्यापर्यंत 75 अंश जायला हवं, आणि एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये जाऊ नये. तीन दिवसांच्या आत संपवावं.

काही जण म्हणतात, शिळं मटण जितकं उकळावं तितकं मुरतं. मसाला मुरतो, हे खरं आहे. दुसऱ्या दिवशीचा तांबडा मलाही जास्त आवडतो. पण तो रात्रभर राहून मुरतो, उकळून नाही. गोव्यात नाताळचं सोरपोतेल रोज गरम करून खातात आणि ते चढत जातं, हेही खरं. पण त्यात व्हिनेगर असतं, चरबी भरपूर असते आणि तुकडे बारीक असतात. आपल्या सुक्याला तो नियम लावता येत नाही.

2019 च्या शेवटी मटणाच्या दरावरून कोल्हापुरात केवढा वाद पेटला होता, आठवत असेल. किलोमागं काही रुपयांसाठी गाव एकत्र आलं आणि ते योग्यच होतं. दर तेव्हापासून चढतच गेलेत. इतक्या पैशांचं मटण आणि त्याहून मोलाचे सकाळपासूनचे कष्ट दुसऱ्या दिवशी मोठ्या आचेवर घालवणं मला मान्य नाही. येत्या धुळवडीला मटण शिजलं की पहिल्यांदा दोन वाट्या अळणी बाजूला काढा, आणि उशिरा येणाऱ्याचं मटण तो आल्यावरच गरम करा.